बिघाडाची तारीख

घरात काही बिघडलं की आपण आधी विचारतो, काय झालं. मग विचारतो, खर्च किती येईल. आमच्या धुळ्यातल्या गल्लीत वायरिंगची कामं करणारे एक जिभाऊ आहेत, ते या दोन्हींच्या आधी वेगळंच विचारतात. पंखा असो, मोटार असो, नाहीतर भिंतीला येणारा करंट असो, पिशवी खाली ठेवण्याआधी त्यांचा प्रश्न येतो, "ताई, पह्यले सांग, कव्हय कव्हय व्हस हाई?" म्हणजे, आधी सांग, हे कधी कधी होतं? रोज होतं की अधूनमधून? सकाळी की दिवेलागणीला? उन्हाळ्यातच की बारा महिने? उत्तर मिळाल्यावर पेचकस बाहेर निघतो. पुष्कळदा तो काढायची वेळही येत नाही.

घराची देखभाल मी बरीच वर्षं करते आहे, आणि या प्रश्नाइतकं उपयोगी अवजार मला दुसरं सापडलेलं नाही. खानदेशात तर ते विशेष चालतं, कारण इथलं घर ऋतूंच्या तडाख्यात सापडलेलं असतं. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, धुळं फार मागे नसतं. पौषात तोच पारा दहाच्या खाली उतरतो. बोअरचं पाणी जड, क्षारांचं. जमीन काळी, पावसात फुगणारी आणि उन्हात हात जाईल एवढी भेगाळणारी. या सगळ्यांत उभ्या असलेल्या घराचे बिघाड कधीही, कसेही होत नाहीत. त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवून ठेवला आहे. जे बिघडेल त्याची तारीख तिथे पेन्सिलीने लिहायची. घरातल्या सगळ्यांना ती सवय लागली आहे.

पंख्याचंच घ्या. मे महिन्यात घरोघरी एकच तक्रार, पंखा हळू फिरतो. तो संध्याकाळी सातनंतरच हळू फिरत असेल आणि पहाटे नीट चालत असेल, तर पंख्याला काही झालेलं नाही. गल्लीतले सगळे कूलर एकदम चालू झालेले असतात आणि व्होल्टेज उतरलेलं असतं. पण जो पंखा कुठल्याही वेळी बटण दाबल्यावर नुसता गुणगुणतो आणि बंद करून, पातं हाताने फिरवून पुन्हा लावला की गती घेतो, त्याचा कंडेन्सर, म्हणजे पंख्याला सुरुवातीचा जोर देणारा छोटा डबा, गेलेला असतो. छताच्या साध्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. जुन्यावर आकडा छापलेला असतो, दुकानात तोच सांगायचा. तो बदलताना मेन स्विच बंद करावा, नुसत्या बटणावर विसंबू नये. जुन्या वायरिंगमध्ये बटण वीज आणणाऱ्या तारेऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं आणि मग पंखा बंद दिसला तरी तारेत वीज असते. काढलेल्या कंडेन्सरच्या उघड्या तारांना हात लावू नये, त्यात वीज साठून राहिलेली असते. एवढं सांभाळता येत नसेल तर माणूस बोलवावा, काम थोड्या वेळाचं आहे.

कूलरबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण आमच्याकडे तो चैनीचा विषय नाही. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर उन्हाळ्याचे दोन-तीन महिने त्या घराचा सगळा भार कूलरवर असतो.

'कूलर गार करत नाही' या तक्रारीतही आधी महिना विचारावा. वैशाखात बर्फासारखी हवा देणारा कूलर मृगाचे ढग दाटले की दमट वारा फेकायला लागतो. त्यात त्याचा दोष नसतो. पाणी हवेत उडून जातं तेव्हा गारवा मिळतो, आणि हवाच ओली असेल तर पाणी उडणार कसं? त्या दिवसांत पंप बंद ठेवून नुसता पंखा लावावा. वैशाखातच गार करत नसेल तर समोरची खिडकी उघडी आहे का ते पाहावं. बंद खोलीत कूलर लावणारे पुष्कळ असतात. आत ढकललेली ओलसर हवा बाहेर जायला वाट नसेल तर अंग नुसतं चिकचिकतं. त्यानंतर गवताकडे बघावं. काही भाग ओला आणि काही कोरडा ठणठणीत दिसत असेल तर वरच्या पन्हाळीची भोकं क्षारांनी बुजलेली असतात, ती जाड सुईने मोकळी करावीत. पंप घरघरतो पण पाणी वर चढत नाही, तेव्हा प्लग काढून पंप बाहेर घ्यावा आणि त्याचं पुढचं झाकण उघडावं. आतल्या छोट्या चक्रावर पांढरा थर बसलेला असतो. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून चक्र आणि झाकण त्यात भिजत ठेवलं की थर सुटतो, मात्र वायर असलेला भाग त्यात बुडवू नये. गवत दरवर्षी नवं घालावं. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, तळ घासून, टाकी कोरडी करावी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. जुन्या पाण्यात नवं पाणी ओतत राहिलं तर अंडी काठाला तशीच चिकटून राहतात.

आता करंटची गोष्ट. दर उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरचा धक्का बसून माणसं जातात, लहान मुलं जातात. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून ते वाचलं की फार वाईट वाटतं.

आमच्या मागच्या घरातल्या काकूंकडे पत्र्याचा कूलर आहे. होळीनंतर लावला, चैत्रभर नीट चालला. वैशाखात पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायला लागल्या. प्लग तीन पिनांचा होता, वायर धडधाकट होती. जिभाऊंनी नेहमीचा प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि मागच्या अंगणात जाऊन अर्थिंगच्या, म्हणजे गळकी वीज जमिनीत सोडणाऱ्या, खड्ड्याशी बसले. खड्डा कोरडा पडला होता. काळी माती आक्रसून अर्थिंगच्या पाइपापासून सुटली होती. पंपातून विजेची थोडी गळती आधीपासूनच होती. जमिनीत ओल होती तोवर अर्थिंग ती निमूट वाहून नेत होतं. ओल गेली तेव्हा वीज पत्र्यावर थांबली आणि हात लावणाऱ्याची वाट पाहू लागली. जिभाऊंनी कूलर बंद ठेवायला लावला, पंप बदलला, खड्ड्यात मीठ-कोळसा भरला, गंजलेला क्लॅम्प घासून घट्ट केला आणि भरपूर पाणी ओतलं. आता काकू तुळशीला पाणी घालतात तेव्हा एक तांब्या त्या खड्ड्यातही ओततात. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे किती घरांत ठाऊक असतं? पाडव्याला घर आवरताना तो शोधून ठेवावा.

आणखी एक. बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलीअँपिअरचा. विजेची गळती दिसताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावं. दाबल्यावर वीज गेली तर तो जागा आहे. नवा मोबाइल घेण्याआधी घरात हा बसवावा असं मी भेटेल त्याला सांगते. आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेला असावा, पायात चप्पल असावी. बाहेरगावी जाताना घरच्यांना हे पुन्हा सांगून जावं.

भिंतीवरची ओल ही दुसरी मोठी डोकेदुखी. इथेही तारीख बोलते. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर छताच्या कडेला डाग उमटला आणि दिवाळीपर्यंत वाळला, तर पाणी वरून येतं आहे. माघ-फाल्गुनात, आभाळ कोरडं असताना डाग वाढत असेल तर नळ किंवा मोरी गळते आहे. जोत्यापासून कंबरेएवढ्या उंचीपर्यंत सरळ पट्ट्यात प्लॅस्टर सुटत असेल, पांढरा खार फुटत असेल आणि तो बारमाही असेल, तर ओल जमिनीतून वर चढते आहे. तिन्हींवर उपाय निराळे. पण आपण तिन्हींवर एकच उपाय करतो, पुट्टी भरून रंग लावतो. आतलं पाणी तसंच राहतं आणि पुढच्या वर्षी पुट्टीसकट बाहेर येतं.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. डागावर हातभर प्लास्टिकचा कागद लावून चारी कडा टेपने बंद कराव्यात आणि एक-दोन दिवसांनी पाहावं. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या दमट हवेचं पाणी थंड भिंतीवर धरतं आहे, तिथे खिडकी उघडी ठेवणं हाच इलाज.

गच्चीसाठी जिभाऊंच्या प्रश्नाला पुरून उरणारी दुसरी युक्ती म्हणजे पाणी भरून पाहणं. पावसाची वाट कशाला बघायची? चैत्रात पन्हाळीची तोंडं कापडाने बंद करावीत, गच्चीवर दोन बोटं पाणी साठवावं आणि दिवसभर ठेवून खालून छत पाहावं. आमच्या अनुभवात स्लॅब मधोमध क्वचित गळतो. गळते ती कठडा आणि स्लॅब यांच्यामधली सांध. उन्हाने स्लॅब दिवसभर प्रसरण पावतो, रात्री आक्रसतो आणि त्या सांधीत केसाएवढी फट पडते. तिथे गवंड्याकडून चांगली गोलाई करून घ्यावी, म्हणजे पाणी कोपऱ्यात थांबत नाही. पन्हाळीच्या तोंडाशी साठलेला पाला वळवाच्या सरींआधी काढावा. चार कडुनिंबाच्या डहाळ्या अडकल्या तरी गच्चीचं तळं होतं.

माझं माहेर शिरपूर तालुक्यातलं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. तिथे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की धाब्याची पाहणी व्हायची. उंदरांची बिळं बुजवायची, उगवलेलं गवत मुळासकट काढायचं, कारण मूळ सडलं की तिथे पाण्याला नळी तयार मिळते. मग गावाबाहेरून आणलेली पांढरी खारी माती पसरून चोपायची. ती माती भिजली की गच्च बसते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. त्या मातीच्या छताखाली मे महिन्यातली दुपार सुसह्य असायची. आजच्या स्लॅबखाली ती नसते. गच्चीला उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचा हात दिला तर फरक जाणवतो, आणि त्याला खर्चही फार नाही.

कानबाईसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीसाठी, घर रंगवण्याबद्दल थोडं मन मोकळं करते. श्रावणात कानबाई बसते, तिच्यासाठी घर उजळलं पाहिजे हे मलाही मनापासून वाटतं. पण श्रावणात भिंती वर्षातल्या सगळ्यात ओल्या असतात. त्या दिवसांत ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडली जाते आणि फुगे येतात. पूर्वी बायका चुनाच लावायच्या, त्यामागे शहाणपण होतं. चुन्यातून भिंत श्वास घेते. देवीच्या खोलीला श्रावणात चुना लावावा आणि बाकीचा रंग दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर द्यावा.

दारांचंही तसंच. श्रावणात दार फुगतं, चौकटीत अडकतं, आणि घरातला कुणीतरी उत्साहाने सुताराला बोलावून रंधा मारून घेतो. चैत्रात लाकूड पुन्हा आक्रसतं आणि दाराशेजारी बोट जाईल एवढी फट राहते, तिच्यातून धूळ आणि पाली. पावसाळ्यात अडकणाऱ्या कडेला मेणबत्ती घासावी आणि थंडीपर्यंत थांबावं. थंडीतही दार अडकतच असेल तर बिजागरीचे स्क्रू ढिले झाले आहेत का पाहावं. तेही घट्ट असतील तर चौकट हललेली आहे, आणि मग नजर भिंतीकडे वळवावी.

काळ्या जमिनीवरच्या घरांना तडे जातात ते बहुतेक खिडकी-दारांच्या कोपऱ्यांतून तिरपे निघतात. दिसला तडा की बुजवला, असं करू नये. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी आणि एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्यावा. उन्हाळ्यात रुंदावतो आणि पावसात मिटतो, तो जमिनीच्या श्वासाबरोबर हलणारा तडा. त्यात सिमेंट भरलं तर शेजारी दुसरा जाईल. तिथे जोत्याभोवती बाहेरच्या बाजूने उतार देऊन फरशी करावी, गच्चीचं पाणी भिंतीपासून लांब सोडावं आणि मोठं झाड अगदी भिंतीलगत वाढू देऊ नये. हेतू एकच, पायाखालची ओल वर्षभर सारखी राहावी. पण टोकं रेघांच्या पुढे सरकत असतील, तडा विटा चिरत पायऱ्यांसारखा उतरत असेल किंवा त्यात पेन्सिल जात असेल, तर गवंड्याला न विचारता इंजिनीअरला दाखवावं.

नळांबद्दल थोडक्यात. जिथे पाणी काही दिवसांआड येतं तिथे गळका नळ घरात ठेवणं मला पाप वाटतं. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाचं चार लिटरच्या वर जातं. जुन्या फिरकीच्या नळाला बहुधा वायसरच बदलावा लागतो, आणि त्यासाठी आधी वरची चावी बंद करायची एवढं लक्षात ठेवलं की झालं. टेफ्लॉन टेप नळ ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने आट्यांवर गुंडाळावी, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून येते. फ्लशच्या टाकीची गळती डोळ्याला दिसत नाही. तिच्यात चिमूटभर खायचा रंग टाकावा आणि वीस मिनिटं फ्लश न करता थांबावं. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं आहे. आणि नगरपालिकेच्या नळाला थेट मोटार लावू नये, कितीही मोह झाला तरी. मोटार पाइपातलं पाणी ओढते तेव्हा फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाणही आत येते. ते पाणी आपल्या घरात येतं तसं शेजारच्या लेकरांच्या पेल्यातही जातं.

सिंक तुंबण्याचा महिना पौष. शेवभाजीची कढई, तुपाची पातेली गरम पाण्याने धुतली तरी थंड पाइपात तूप-डालडा थिजतो आणि थर धरतो. कढई आधी कागदाने पुसावी. तुंबलंच तर खाली बादली ठेवून सिंकखालची बाटली हाताने उघडावी, गाळ काढावा. ॲसिड ओतणारे फार. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी क्लोरीन वायू होतो, हे घरातल्या प्रत्येक बाईला आणि बुवालाही ठाऊक हवं. त्याच थंडीत गॅस गिझर सुरू होतात. बंद न्हाणीघरात लावलेला गॅस गिझर वास नसलेला विषारी वायू सोडू शकतो आणि माणूस आंघोळ करता करता कोसळतो. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच असावा. आणि घरात गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद, काहीच करू नये. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर यावं आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

सध्या आमच्याकडे जिन्याखालच्या भिंतीवर एक डाग आहे. कागदावर त्याची नोंद माघातली, म्हणजे पाऊस नाही. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतली पातळी काठीवर खूण करून पाहिली, सकाळी ती जागची हलली नव्हती. म्हणजे भरलेला पाइप गळत नाही. राहिली वरच्या न्हाणीची मोरी, जिच्यातून पाणी फक्त वापरताना जातं. मोरीत रंगीत पाणी ओतलं तर दुसऱ्या दिवशी डागाच्या कडेला गुलाबी छटा आली. मोरीचा ट्रॅप (जाळीखालचं पाणी धरणारं भांडं) आणि फरशी यांमधला सांधा उघडावा लागणार. आखाजीला लेकी येतील, तेव्हा घरात धूळ नको, म्हणून फोडाफोड त्यानंतर. पण मृगाच्या आत प्लॅस्टर वाळायला हवं. गवंड्याला तारीख सांगून ठेवली आहे.